बाईच्या आजाराला पैसा कुठून?

(कार्यकर्त्यांच्या तिमाही बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कॅन्सरवर बोलायचं म्हटलं की वाटतं, ही आता लक्षणं सांगणार, तपासणी करून घ्या म्हणणार. त्यावर डॉक्टरताई बोलतीलच. मी पैशावर बोलणार आहे. वस्तीत काम करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, छातीत गाठ आहे हे बाईला पुष्कळदा डॉक्टरच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. ती बोलत नाही, कारण बोललं की खर्च निघतो. थोरलीचं लग्न, धाकट्याची फी, सोसायटीचं कर्ज, मग आपला नंबर, हा हिशेब तिनं मनात केव्हाच मांडलेला असतो. आपण याला अडाणीपणा म्हणून मोकळ्या होतो. मला तो अडाणीपणा वाटत नाही. आपल्या जिवावर या घरात किती खर्च होईल, याचा तिचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतो. नवरा आजारी पडला तर बायकोचे दागिने मोडतात आणि बायको आजारी पडली तरी बायकोचेच दागिने मोडतात. हसताय, पण तुमच्या ओळखीतली घरं आठवून बघा.

मदत मुळीच नाही, असं मात्र नाही. आपल्या राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ साली आली आणि दोन्ही जोडल्या गेल्या. जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढरी शिधापत्रिका असली तरी चालते. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यात येतं. दवाखाना मात्र योजनेतला हवा, तिथल्या आरोग्यमित्राला भेटायला हवं आणि उपचाराआधी मंजुरी घ्यायला हवी. हे ‘आधी’ नीट लक्षात ठेवा. बिल भरून झाल्यावर पावत्यांची पिशवी घेऊन आलेल्या माणसाला योजना पैसे परत देत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तेच, ते पैसे थेट रुग्णालयाकडे जातात.

दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलाच्या दोन टक्के रकमेचा वेगळा निधीही ठेवावा लागतो. दारावर धर्मादाय असा फलक असतो आणि आत कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात मी स्वतः ‘खाटा शिल्लक नाहीत’ हे उत्तर तीन वेळा ऐकलं. चौथ्यांदा, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात देण्याचा अर्ज टेबलावर ठेवला, तेव्हा खाट शिल्लक निघाली.

आता जे योजनेत बसत नाही, ते बोलू. खरी दमछाक तिथे होते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असला तर रेडिएशन साधारण पाच आठवडे चालतं, आठवड्यातून पाच दिवस. यंत्राखाली काही मिनिटं, पण त्यासाठी बीडच्या बाईनं मुंबईत महिनाभर राहायचं. दाखल व्हावं लागत नाही, म्हणून खाटही नाही. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, पण गर्दी एवढी की जागा मिळेलच असं नाही. जेवण, रिक्षा, निदान होण्याआधीच्या तपासण्या, सोबत आलेल्या लेकीची बुडालेली मजुरी, हे सगळं पदरचं. रेल्वेनं उपचारासाठी जाताना स्लीपरचं तिकीट रुग्णाला माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट आहे. त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आहे. आपल्या भागातल्या बाईला तिथे सोय होत असेल तर थेट मुंबई गाठायची घाई करू नका, डॉक्टरांना आधी विचारा.

आणि मजुरी? ज्या कारखान्यात ईएसआय आहे, तिथल्या कामगाराला कॅन्सर झाला तर, सेवेच्या अटी पुऱ्या असल्यास, दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला काय मिळतं? दुसरी बाई बघितलीय, एवढा निरोप. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरसारख्या आजारानं कमावणं थांबलेले स्त्री-पुरुष बसतात. २०२३ साली तिची रक्कम महिना दीड हजार झाली, तेव्हाही कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांचीच राहिली. भागाकार करून पाहा, दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यावर जगणारं कुटुंब तहसीलदारांनी कुठे पाहिलंय, त्यांनाच विचारायला हवं.

सर्वांत अवघड गाठ कागदाची. योजना कुटुंबाची, आणि कुटुंब म्हणजे शिधापत्रिका. टाकलेली बाई माहेरी राहते, नाव सासरच्या पत्रिकेवर, पत्रिका सासूच्या ट्रंकेत. भावाच्या पत्रिकेत नाव घालायचं तर आधी सासरचं नाव कमी झाल्याचा दाखला आणा. केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये एकवीस दिवस असतात. त्यातले चौदा एका बाईचे पुरवठा कार्यालयाच्या बाकड्यावर गेलेले मी पाहिलेत. वास्तविक २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १३ नुसार शिधापत्रिकेपुरती घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख असते. कायद्यात प्रमुख असलेल्या बाईला स्वतःच्या पत्रिकेची झेरॉक्स मागायला नवऱ्याकडे माणूस पाठवावा लागतो.

नवऱ्यावर जबाबदारी नाही का? आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात पोटगीच्या व्याख्येतच औषधोपचार आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात स्त्रीधन अडकवून ठेवणं, घरखर्च तोडणं ही आर्थिक हिंसा आहे. पण निकालाला लागणारा वेळ आणि गाठीला लागणारा वेळ यांचा मेळ बसत नाही. म्हणून मी खटला लगेच भरा असं सांगत नाही. आधी अंतरिम आदेशाचा अर्ज करा, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत निदान दागिने आणि कागद ताब्यात मिळवा. भांडण पुढे चालू राहील.

आजारी नसलेल्या बाईचेही कागद आजच तपासायला हवेत. आधारवरचं नाव माहेरचं की सासरचं, पत्रिकेत तेच आहे का, आयुष्मान कार्ड निघालंय का. ते प्रत्येकीचं वेगळं निघतं. गाठ लागल्यावर नावातली वेलांटी दुरुस्त करत बसणं फार महाग पडतं. सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक कुठल्या खोलीत बसतात, तेही पाहून ठेवा. बरेचदा ती खोली जिन्याखाली असते.

चहानंतर पुरवठा कार्यालयाचे कोरे अर्ज वाटते आहे. ज्यांच्या वस्तीत अशी बाई आहे त्यांनी थांबा, दोन-तीन अर्ज इथेच भरून घेऊ. सोमवारी तहसीलला मी येणारच आहे.