नदी गेली, मग साखर आली
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एक वहिनी म्हणाली, "साखरेचा आजार शेठ लोकांचा. आपण दिवसभर राबतो, आपल्याला कुठून होणार?" म्हणून आज त्याच्यावरच बोलते.

बाई पोटुशी असताना रक्तातली साखर वाढली, आणि ती पहिल्यांदा तेव्हाच कळली, तर त्याला गरोदरपणातला मधुमेह म्हणतात. बहुतेक वेळा काही दुखत नाही, खुपत नाही. पण बाळ पोटात प्रमाणाबाहेर वाढतं, बाळंतपण अडतं. जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते. बाळंतपणानंतर आजार बहुधा जातो, पण त्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका राहतो.

आता हा आजार कोणाचा ते बघू. कॅनडात जेम्स बे भागात क्री आदिवासी आहेत. १९९० च्या दशकातल्या पाहणीत तिथे १०० गरोदर बायांमागे जवळपास १३ जणींना तो निघाला. बाकी उत्तर अमेरिकेतल्या बायांच्या दुप्पट. आपल्या देशातून इंग्लंड, ऑस्ट्रेलियात गेलेल्या बायांनाही तो गोऱ्या बायांपेक्षा जास्त होतो.

असं का? अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पिमा आदिवासी आहेत. त्यांच्या भाषेत त्यांचं नाव नदीची माणसं. गिला नदीचे पाट काढून ते मका, शेंगा, भोपळे, गहू पिकवायचे. १८७० नंतर वरच्या अंगाला गोऱ्यांनी नदीचं पाणी वळवलं. शेतं वाळली, उपासमार झाली. मग सरकारने पीठ, साखर, चरबी वाटली. १९६५ पासून डॉक्टर त्यांना तपासत आहेत. ज्या आयांना गरोदरपणी मधुमेह होता, त्यांच्या १०० मुलांपैकी ४५ जणांना २० ते २४ वयातच मधुमेह झाला. ज्या आयांना तो नव्हता, त्यांच्या १०० मुलांत दोघांनाही नाही. म्हणजे नदी आजीची गेली आणि भोगतोय नातू.

पुष्कळ वर्षं सांगत होते, यांचं रक्तच तसं. पण याच पिमांचे भाऊबंद मेक्सिकोच्या डोंगरात शेती करून राहतात. त्यांच्यात मधुमेह १०० मागे ७, अमेरिकेतल्या पिमांत ३८. रक्त एकच, जगणं वेगळं. अमेरिकेतले पिमा पाण्यासाठी लढत राहिले, आणि २००४ च्या कायद्याने पाण्याचा हक्क परत मिळवला.

आपलंही तसंच आहे. जंगल गेलं की कंदमुळं, रानभाजी जाते. जमीन गेली की नाचणी, वरई जाते. म्हणून वनहक्काचा दावा हा पोटातल्या बाळाचाही दावा आहे.

पण दावा मंजूर होईपर्यंत बाळ थांबत नाही. सरकारचाच नियम आहे की प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी दोनदा व्हायची: पहिल्या भेटीत, आणि नंतर २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि २ तासांनी रक्त बघतात. उपाशी जायची गरज नाही. आकडा १४० किंवा जास्त आला तर उपचार लागतो. पुष्कळ जणींचं जेवणात बदल करून आणि चालून भागतं, काहींना औषध किंवा इन्सुलिन लागतं. बाळंतपणानंतर ६ आठवड्यांनी परत तपासायचं.

तेव्हा नर्सबाईंना विचारा, "माझी साखर तपासली का?" तपासत नसतील तर ग्रामसभेत ठराव घ्या, सह्या-अंगठे करा आणि आरोग्य केंद्रात नेऊन द्या. पोच घ्यायला विसरू नका. दाव्याची घेतो तशीच.

जोहार!