सैनिकाचें अपंगत्व आणि त्याचा हक्क

जोगेश्वरीस पूर्वेकडच्या आमच्या चाळींत एक निवृत्त हवालदार राहतात. वीस वर्षें तोफखान्यांत नोकरी करून २०१६ सालीं ते घरीं आले. त्यांच्या दारावर एकदां थाप देऊन भागत नाहीं, दुसऱ्यांदा द्यावी लागते. मुलें प्रथम हंसत असत. कारण कळल्यावर गप्प झालीं. निवृत्तीच्या वेळीं वैद्यकीय मंडळानें त्यांच्या कानांचें अपंगत्व शेंकडा वीस ठरविलें, तें आयुष्यभराचें आहे असेंही लिहिलें, आणि खालीं शेरा मारला कीं, ह्याचा सैनिकी सेवेशीं संबंध नाहीं. हवालदारसाहेबांनीं कागद घडी करून पेटींत ठेवला. "सरकारनें लिहिलें, तें बरोबरच असेल," असें ते म्हणाले. आजचें माझें भाषण त्या घडी केलेल्या कागदाविषयीं आहे.

अपंग सैनिकाची काळजी घेण्याची परंपरा आपल्या प्रांतास नवी नाहीं. पहिल्या महायुद्धांत जायबंदी झालेल्या शिपायांना एखादा हुन्नर शिकवावा म्हणून लेडी विलिंग्डन ह्यांनीं १९१७ सालीं मुंबईंत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट काढलें. तें पुढें खडकीस गेलें. पुण्यांत १९४४ सालीं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालें. तेव्हां दया आणि शिक्षण ह्या दोन्ही गोष्टी आपणांजवळ होत्या. परंतु पेन्शनचा प्रश्न दयेचा नाहीं. तो हक्काचा आहे, आणि हक्क समजून घ्यावा लागतो.

मंडळापुढें मुख्य प्रश्न दोन असतात. पहिला, हा विकार सेवेमुळें उद्भवला किंवा सेवेमुळें वाढला काय? दुसरा, तो शेंकडा किती? पहिल्याचें उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचें वीस किंवा अधिक असेल, तर नेहमींच्या पेन्शनवर अपंगत्वाचा अंश मिळतो. शेंकडा शंभर अपंगत्वास हा अंश शेवटच्या पगाराच्या शेंकडा तीस धरतात. शेवटचा पगार चाळीस हजार असेल, तर पूर्ण अपंगत्वाचे बारा हजार आणि वीस टक्क्यांचे दोन हजार चारशें होतात. शत्रूच्या हल्ल्यांत जखमी होऊन सेवा सोडावी लागली, तर दर ह्याहून बराच अधिक असतो.

येथें एक महत्त्वाची सवलत आहे. पन्नासांहून कमी असलेलें अपंगत्व पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर असेल तें पंचाहत्तर, आणि त्याहून अधिक असेल तें शंभर मानावें, असा नियम आहे. ही सवलत मुदत संपवून निवृत्त झालेल्यांसही लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें राम अवतार ह्यांच्या खटल्यांत १० डिसेंबर २०१४ रोजीं दिला. म्हणजे वरील हिशोबांत दोन हजार चारशेंचे सहा हजार होतात. गृहस्थाश्रमी माणसास हा फरक किराण्याच्या यादींत दिसतो.

आतां त्या शेऱ्याकडे वळूं. धर्मवीर सिंह नांवाच्या शिपायास सेवेंत झटके येऊं लागले. विकार जन्मजात धाटणीचा आहे, असें सांगून त्यांस पेन्शन नाकारलें. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, भरतीच्या वेळच्या तपासणींत विकाराची नोंद नसेल, तर शिपाई निरोगी दाखल झाला असेंच धरावें लागेल. सेवेशीं संबंध नाहीं हें सिद्ध करण्याचा भार नोकरी देणाऱ्यावर आहे. आमच्या हवालदारांची भरतीच्या वेळची तपासणी निर्दोष होती. तोफेच्या शेजारीं वीस वर्षें उभें राहिल्यावर कान गेले, त्यास दुसरें कोणतें कारण कोण दाखविणार?

सेवा-काळांतील कागद प्रथम गोळा करावेत: डिस्चार्ज बुक, मंडळाच्या अहवालाची प्रत, नकाराचें पत्र. नकारावर सहा महिन्यांच्या आंत पहिलें अपील करावें. पुढें दुसरें अपील, आणि नंतर २००७ च्या कायद्यानें स्थापन झालेलें सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचें खंडपीठ मुंबईंतही आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत अर्ज लिहिण्यास मदत मिळते. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेंतून बाहेर पडणाऱ्यांस मात्र नवे नियम लागतात. त्यांनीं ते स्वतंत्रपणें पाहावेत. नागरी रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला ही वेगळीच गोष्ट आहे. त्यांतील बहुतेक सवलती चाळीस टक्क्यांपासून सुरू होतात, आणि त्या दाखल्यानें सैनिकी पेन्शन मिळत नाहीं.

कोणी म्हणेल, हवालदार तर हिंडतेफिरते आहेत. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत जखमी झाले आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पोहण्यांत सुवर्णपदक मिळवून आले. पदक मिळालें म्हणून त्यांची जखम भरून आली, असें कोणी म्हणत नाहीं. कर्तृत्व माणसाचें असतें; हानि सेवेंत झालेली असते. दोन्हींचा हिशोब निराळा.

गेल्या महिन्यांत हवालदारसाहेबांनीं तो कागद पेटींतून काढला. मुदत उलटून गेलेली. ती माफ करण्याची विनंती लिहून, सुनेनें चष्मा लावून अर्ज वाचून दाखविला, दोनदां, मोठ्यानें. शेवटीं ते म्हणाले, "हें मागणें लाजेचें नाहीं ना?" सून म्हणाली, "नाहीं, बाबा. तुम्ही दिलेलें परत मागतां आहांत." अर्ज गेला आहे, उत्तर यावयाचें आहे. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरांत असा घडी केलेला कागद पडून असेल, तर श्रोतेहो, तो उघडण्यास त्या माणसाच्या शेजारीं बसा.