टीव्ही घेताय? आधी पिनकोड सांगा



गणपती जवळ आले की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या बाजारात टीव्हीच्या दुकानांत गर्दी वाढते. काही घरांत मुंबईकर मुलगाच भाऊच्या धक्क्यावरून लाँचने खोकं घेऊन रेवसला उतरतो. बाकीचे मोबाईलवर सेल बघून मागवतात. सगळीकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बत्तीस इंची केवढ्याला?’ माझ्या मते आपल्या किनाऱ्यावर हा दुसरा प्रश्न असायला हवा. पहिला असा, की बिघडला तर आमच्या गावात माणूस घरी येतो का, की खोकं घेऊन आम्हीच पनवेलला जायचं?

पण लोक आधी आकडे बघतात, म्हणून आपणही आकड्यांपासून सुरुवात करू. ३२ आणि ४३ हे इंच पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजलेले असतात. त्यामुळे ४३ इंची पडदा ३२ इंचीपेक्षा थोडा नव्हे, क्षेत्रफळाने जवळजवळ ८० टक्के मोठा असतो. ३२ इंची दहा हजारांना आणि ४३ इंची अठरा हजारांना मिळत असेल, तर पडद्याचा भाव दोन्हीकडे सारखाच पडला. मग ठरवायचं ते फक्त आपण किती लांब बसतो यावर. माजघरात भिंतीपासून आठ फुटांवर बसणाऱ्यांना ४३ इंची बरा; लहान खोलीत ३२ इंची भरपूर झाला.

आता एचडी रेडी, फुल एचडी, फोरके. एचडी रेडी म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके, फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, फोरके म्हणजे ३८४० बाय २१६०. ३२ इंची एचडी रेडी पडद्याचा एक ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर असतो. सहा फुटांपलीकडे बसलं की चांगल्या नजरेलाही तो सुटा दिसत नाही. ४३ इंची फुल एचडीचा ठिपकाही तेवढाच. त्यामुळे आठ फुटांवरून मालिका बघणाऱ्याने ४३ इंचीत केवळ फोरकेसाठी जास्त पैसे मोजू नयेत. त्यातून घरी फ्री डिश असेल, तर येणारं चित्रच फोरकेचं नसतं. स्वस्त टीव्हीवरच्या ‘एचडीआर’, म्हणजे जास्त उजळ चित्राच्या सिग्नलच्या, शिक्क्याचंही तेच. तो सिग्नल टीव्ही स्वीकारतो एवढाच त्याचा अर्थ. तसा उजेड पाडण्याची ताकद त्या पडद्यात बहुतेक वेळा नसते. आणि ‘१७८ अंशांतून दिसतो’ हे तर बहुतेकांच्या खोक्यावर छापलेलं असतं. दुकानात बाजूला उभं राहून स्वतःच बघा, रंग फिके पडतात का ते. टीव्ही दुकानाच्या डेमो मोडवर असेल तर तो घरच्या मोडवर आणायला सांगा, कारण डेमोमध्ये सगळेच टीव्ही झगमगतात.

स्मार्ट टीव्हीत मात्र एक आकडा खरंच बघण्यासारखा आहे, तो म्हणजे रॅम. एक जीबी रॅमचा टीव्ही पहिले सहा महिने ठीक चालतो, पुढे ॲप जड होत जातात आणि रिमोट दाबून वाट बघत बसावं लागतं. घरात जुना सेट-टॉप बॉक्स असेल, तर लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिनांची जागा नव्या टीव्हीला आहे का, हेही विचारा.

किंमत बघताना एमआरपी विसरा. चोवीस हजार छापायचे, बारा हजारांना विकायचा आणि निम्मी सूट म्हणायची, यात सूट कुठे आहे? बारा हजार हीच त्याची किंमत. दोन दुकानांतले भाव ताडून बघायचे तर कंपनी आणि इंच एवढ्यावर जाऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर जुळवा. एकाच कंपनीचा, त्याच मापाचा ऑनलाइन टीव्ही आणि दुकानातला टीव्ही यांच्या नंबरात कधी कधी शेवटची अक्षरं वेगळी असतात आणि आत कधी रॅम कमी, कधी एचडीएमआयचं एक भोक कमी निघतं. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्षही असतं. दोन वर्षं गोदामात पडलेला माल ताज्या भावाने घेऊ नका. आणखी एक. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत वीस हजार असेल तर हा दोन हजारांचा फरक आहे. दुकानदार जुनाच दर सांगत असेल तर बिलावरचा कर वाचा.

आता आपल्या किनाऱ्याचं. थळ, नागाव, काशीद, दिवेआगर, कुठेही जा, खिडकीचे गज गंजतात तशी टीव्हीच्या आतली सर्किटंही खारी हवा खाते. समुद्राकडच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर टीव्ही टांगू नका आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. चालू टीव्हीची ऊब आतली ओल घालवते. ५० वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला तरी महिन्याला साडेसात युनिट होतात, तेव्हा विजेची फार धास्ती नको.

धास्ती असावी ती व्होल्टेजची. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे तुम्हाला सांगायला नको. पण उपकरणांना खरा धोका वीज नसताना नसतो, ती परत येताना असतो. शिवाय खांबावरची न्यूट्रल तार गंजून सुटली, तर २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या घरात दाब घरात शिरू शकतो. ‘वाइड व्होल्टेज’ म्हणून विकलेले टीव्हीही एवढ्या दाबाला तग धरत नाहीत. दीडशे-दोनशे रुपयांचा स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका अडवतो, टिकून राहिलेला चढा दाब नाही. त्यासाठी जास्त दाबाला वीज तोडणारा स्टॅबिलायझर लागतो. त्याची किंमत टीव्हीच्या किमतीतच धरा. आणि गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर डिशची वायरही काढा.

एवढं करूनही टीव्ही बिघडतोच. आवाज येतो पण पडदा काळा, असं झालं तर बहुधा मागच्या एलईडी पट्ट्या गेलेल्या असतात, गावातला कारागीरही त्या बदलू शकतो. पण पडद्यावर उभ्या रेघा आल्या किंवा तडा गेला, तर बहुतेक वेळा पॅनलच बदलावं लागतं आणि त्याला जवळजवळ नव्या टीव्हीइतके पैसे पडतात. म्हणून पॅनलची वॉरंटी किती वर्षं, ती घरी येऊन की सेंटरवर नेऊन, हे विकत घेण्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारा. आपला पिनकोड सांगा, श्रीवर्धनचा ४०२११०, मुरूडचा ४०२४०१, जो असेल तो. ‘सेवा उपलब्ध आहे’ एवढ्या उत्तरावर फोन ठेवू नका. माणूस कुठून येणार, ते विचारा. त्याला पेणहून बोर्लीपंचतनला यायचं असेल, तर दोन हजारांनी महाग पण जवळ सेवा असलेला टीव्ही शेवटी स्वस्त पडतो. तडा वॉरंटीत बसत नाही, म्हणून लाँचमधून असो वा टेम्पोतून, खोकं उभंच आणा. आडवं टाकून त्यावर सामान ठेवू नका.

घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांना एक खास सूचना. पाहुण्यांच्या खोल्यांसाठी तुम्ही चार-पाच टीव्ही एकदम घेता. बऱ्याच वॉरंटी कार्डांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की वॉरंटी फक्त घरगुती वापरासाठी. ते आधी वाचा, मग दुकानदाराशी घासाघीस करा.

आणि पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. तक्रारीची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो, मग टीव्ही ऑनलाइन घेतलेला असो की मुंबईतून आणलेला. आपला रायगड जिल्हा आयोग अलिबागला आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. बिल मात्र लागतं.