शनिवार-रविवारचा वर्ग
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. सेक्रेटरी मघाशी म्हणाले, "काकू, नृत्यवर्गाबद्दल बोला, पण हॉलच्या भाड्याचा विषय आज नको." वर्गाबद्दल बोलते. हॉलचं शेवटी बघू.

पुण्यात कथक म्हटलं की रोहिणीताई भाटे यांचं नाव निघतंच. 1947 साली त्यांनी इथे 'नृत्यभारती' सुरू केली आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुली पायात घुंगरू बांधू लागल्या. माझी मजल तिथवर गेली नाही. आमच्या पेठेतल्या एका बाईंकडे मी शिकत होते. आठवीत क्लास सुटला. भावाच्या कॉलेजची फी आणि माझी क्लासची फी एकाच महिन्यात आली, इतकंच. वडील काही बोलले नाहीत. मीच घुंगरू फळीवर ठेवले. पुढे चाळिशीत ते पुन्हा काढले आणि 51व्या वर्षी विशारद झाले. परीक्षेच्या दारात एका बाईंनी मला विचारलं, "तुमची मुलगी कुठाय?"

तर बँकेतून निवृत्त झाल्यावर, नऊ वर्षांपूर्वी, मी खालच्या नोटीस बोर्डावर कागद लावला : 'कथक वर्ग. सर्व मुलांसाठी. मोफत.' आपल्या बिल्डिंगमधल्या चौदा मुली आल्या. मागच्या वस्तीतलं एकही मूल आलं नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना, वॉचमनना मी स्वतः सांगितलं होतं. तरी नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, फुकट देतेय तरी नकोय.

महिन्याभराने आमच्या मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा क्लास पाचला. पाचला पाणी येतं. पोरीने पाणी भरायचं का नाचायचं?" आणि धाकटा भाऊ सांभाळायचा तो वेगळाच. शिवाय गेटवर नाव, फ्लॅट नंबर, कोणाकडे आलात, हे वहीत लिहायचं. दहा वर्षांच्या मुलीने फ्लॅट नंबर कुठला लिहायचा?

फी हा एकच अडसर असतो असं मी धरून चालले होते. तो सगळ्यात सोपा निघाला. मग वर्ग शनिवार-रविवारी दुपारी तीनला केला. धाकट्या भावंडांना बरोबर आणायची मुभा दिली. कोपऱ्यात सतरंजी आणि खडूचा डबा ठेवला. गेटच्या वहीत त्या मुलांनी 'नृत्यवर्ग' एवढंच लिहायचं, हे तेव्हाच्या कमिटीने मान्य केलं, त्याबद्दल आजही आभार.

एक चूक माझी. दुसऱ्या वर्षी मी दोन याद्या केल्या, फी देणारी मुलं आणि न देणारी. वही माझ्याकडेच असायची, पण मुलांना सगळं कळतं. एका मुलीने दुसरीला ऐकवलं, "तू फुकटातली." ती दोन आठवडे आली नाही. घरी गेले तर तिची आई म्हणाली, "फुकट नको बाई." तेव्हापासून दाराशी पत्र्याचा डबा आहे, वर फट असलेला. दर महिन्याला प्रत्येक घराने त्यात बंद पाकीट टाकायचं. नाव लिहायचं नाही. दहा रुपये असोत, हजार असोत. हिशेब नोटीस बोर्डावर लागतो. वर्ग तोट्यात गेलेला नाही, नफ्यात जायचा प्रश्नच नाही. मी मानधन घेत नाही; तबलजींना मात्र वेळेवर देतो.

मुलीकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा तिने एक जुनी फिल्म दाखवली. जाक द'अंब्वाज नावाचे न्यूयॉर्क सिटी बॅलेचे मोठे नर्तक. 1976 साली त्यांनी तिथे नॅशनल डान्स इन्स्टिट्यूट काढली आणि सरकारी शाळांत जाऊन, शाळेच्या वेळेतच मुलांना नाच शिकवायला लागले. त्यांच्यावरच्या त्या फिल्मला ऑस्कर मिळालं. मला लक्षात राहिली ती दोन दृश्यं. ज्यांना ऐकू येत नाही अशी मुलंही त्यात सगळ्यांबरोबर नाचतात. आणि बाजूला रेकॉर्ड नाही, पियानोवर जिवंत माणूस बसलेला असतो. परत आल्यावर मी मोबाईलवरचा लेहरा बंद केला आणि 'बी' विंगमधल्या आजोबांना पेटीवर बसवलं. मोबाईल मुलांसाठी थांबत नाही. आजोबा थांबतात, आणि चुकलेल्याकडे चष्म्यावरून बघतातही.

वर्गात घेताना मी परीक्षा घेत नाही. पाय जड आहे, ताल कळत नाही, असं पहिल्या महिन्यात कोणाबद्दलच ठरवता येत नाही. एक मुलगी होती, तिला पाढे यायचे नाहीत. तीनताल 16 मात्रांचा. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन बरोबर समेवर यायचं. हिने एका रविवारी हॉलच्या फरश्या मोजत चालायला सुरुवात केली. पाच फरश्या, एक सोडली, पाच, एक सोडली, पाच. सतराव्या फरशीवर पाय आपटून म्हणाली, "आली सम!" सोळा संपून पुढची पहिली, म्हणजे समच. हे मी तिला शिकवलं नव्हतं.

फरश्यांवरून आठवलं. कडक फरशीवर अनवाणी तत्कार केला की नडग्या आणि गुडघे दुखतात. आपल्याकडे ज्यांच्या घरी इंटिरियरचं काम निघालं त्यांनी उरलेलं प्लाय दिलं, खाली जुन्या सतरंज्या घातल्या. आवाजही थोडा कमी झाला. थोडाच. वरच्या काकांची तक्रार अजून आहे आणि ती खरी आहे. वीस जोड्या घुंगरू चौपट लयीत वाजले तर दुपारची झोप कशी लागेल? त्यांच्या तपासणीच्या आठवड्यात आम्ही घुंगरू न बांधता बसून पढंत करतो. यापेक्षा चांगला तोडगा मला सापडलेला नाही.

आता परीक्षांचं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांना आपली मुलं बसतात. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात. नियम चांगला आहे. पण ज्या घराला सात-आठ वर्षं क्लास परवडतो त्याच घरातल्या मुलाचे गुण वाढणार असतील, तर मागच्या वस्तीतली मुलगी दहावीच्या आधीच मागे पडली. मला पूर्वी वाटायचं, नाच आनंदासाठी शिकवावा, गुणांसाठी नाही. आता फॉर्म मीच भरून घेते, रांगेत बसवून.

आणि आता तो विषय. सेक्रेटरी, माफ करा. येत्या सर्वसाधारण सभेत हॉलला एसी बसवून शनिवार-रविवार भाड्याने द्यायचा ठराव आहे. सोसायटीला पैसे लागतात, मला कळतं. लिफ्टचं काम मीही रोज बघते. 27 वर्षं बँकेत काढली आहेत, आकडे मलाही समजतात. माझं म्हणणं एवढंच : दुपारी तीन ते पाच ठरावातून वगळा. समारंभाची मंडळी सहाच्या आत येत नाहीत. त्या दोन तासांचं भाडं लावायचं असेल तर तेही लावा, डब्यातून देऊ. पण वेळ बदलू नका. पाचला पाणी येतं.

यंदा 11 मुलं प्रारंभिकला बसताहेत, त्यांतली चार आपल्या बिल्डिंगमधली, सात मागच्या वस्तीतली. त्यात तीन मुलगे आहेत. ही सगळी आत्ता पडद्यामागे घुंगरू बांधून उभी आहेत, आणि आजोबांनी पेटी उघडल्याचं मला दिसतंय. पुढच्या दोन रांगांनी जरा खुर्च्या मागे घ्या, चक्कर घेताना लागतात.