दिवसभराच्या कामानंतर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चित्रकलेतले मला फारसे कळत नाही. पण मुलीने आणलेल्या पुस्तकात एका इंग्रज चित्रकाराची हकिकत वाचली, ती आपल्याला सांगावीशी वाटली.

त्यांचे नाव एल. एस. लाउरी. जन्म १८८७ सालचा, मँचेस्टरजवळचा. ज्या मँचेस्टरच्या कापडाच्या आपल्याकडे होळ्या झाल्या, तेच हे मँचेस्टर. घरची परिस्थिती उतरली म्हणून १९०९ साली हे कुटुंब पेंडलबरी या गिरण्यांच्या वस्तीत राहायला आले. लाउरींना ती वस्ती आधी मुळीच आवडली नाही. पण रोज पाहता पाहता तिथेच त्यांचे मन बसले. गिरणीतून सुटलेली गर्दी, धुरांडी, काडीसारखी बारीक माणसे, हेच त्यांनी जन्मभर काढले. रंग अवघे पाच: पांढरा, काळा, शेंदरी, निळा आणि पिवळा.

पोटासाठी त्यांनी १९५२ पर्यंत घरभाडी वसूल करण्याची नोकरी केली. चित्रकला शिकले ते संध्याकाळच्या वर्गात. १९३२ साली वडील कर्ज ठेवून वारले आणि आईने अंथरूण धरले. दिवसा नोकरी, मग आईची सेवा, आणि ती झोपली की रात्री दहापासून दोनपर्यंत चित्रे! आईला मात्र ही गिरण्यांची चित्रे आवडत नसत. १९३९ साली लंडनमध्ये त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि त्याच वर्षी आई गेली. पुढे १९६८ साली 'सर' ही पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. आईच नाही तर आता तिचे काय, असे त्यांचे म्हणणे. १९७६ साली ते वारले. २००० साली सॅलफर्ड येथे त्यांच्या नावाचे मोठे कलाभवन उघडले.

भगिनींनो, हे वाचून मला माझीच लाज वाटली. माझी सून घरातले सारे आवरून रात्री भरतकाम करते. मी तिला एवढेच म्हणत असे, "किती वेळ दिवा जाळतेस?" त्या दिवशी मी तिच्याजवळ बसले, कापड हातात घेतले आणि म्हटले, "छान झालंय गं." तिचे डोळे भरून आले.

कौतुकाला पैसा लागत नाही, पण ते वेळेवर करावे लागते.