पोरं काम करत नाहीत, की आपण करू देत नाही?

कुणी एसटीत खिडकीशी बसून ऐकत असेल, कुणी दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत, कुणी रात्री अंथरुणात. आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मागितला होता: कामाचा कंटाळा आला तर स्वतःला कसं उठवायचं, आणि आपल्या हाताखाली दोन-चार माणसं असतील तर त्यांना हुरूप कसा आणायचा.

आधीच सांगतो, मी काही मोटिव्हेशनल स्पीकर नाही. पहाटे चारला उठा, थंड पाण्यानं अंघोळ करा, असलं माझ्याकडे काही नाही. धडगावला माझं छोटंसं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, दाखले, परीक्षेचे फॉर्म, पीक विमा, पेन्शनचे अर्ज. ज्यांना धडगाव माहीत नाही त्यांच्यासाठी: नंदुरबार जिल्हा, सातपुडा, चांदसैलीचा घाट चढून या, अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण. माझ्याकडे तिघं कामाला होती. दोन पोरं आणि एक मुलगी.

आणि माझं रडगाणं तेच, जे प्रत्येक मालकाचं असतं. पोरं उशिरा येतात. गिऱ्हाईक समोर उभं आणि यांचं रील चालू. नेटवर्क गेलं की यांना सुट्टीच मिळाल्यासारखा आनंद!

मग मी यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले आणि भिंतीवर एक तक्ता लावला. रोज कुणी किती कामं केली त्याच्या रेघा मारायच्या. महिन्याअखेर ज्याच्या रेघा जास्त, त्याला ५०० रुपये बक्षीस. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, रोज सकाळी एक सुविचार टाकायचा. सूर्योदयाच्या फोटोसकट!

पहिले पंधरा दिवस काय सांगू, दुकान पळायला लागलं. मला वाटलं, जमलं आपल्याला.

मग एक गोष्ट लक्षात आली. झेरॉक्सवाला आला की दोन्ही पोरं त्याच्यावर तुटून पडायची. एक मिनिटाचं काम, एक रेघ. पण नर्मदाकाठच्या एका गावातून एक आजी यायची. तिचं पेन्शन अडकलेलं. आधारवर नाव एक, पासबुकात दुसरं. महिन्याला १५०० रुपयांचा प्रश्न, पण काम किचकट. कागद गोळा करा, अर्ज भरा, पाठपुरावा करा. अर्धा दिवस जाणार आणि रेघ एकच. त्यामुळे आजी आली की दोघांचंही डोकं स्क्रीनमध्ये. "आजी, आज सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

उद्या या! जीपचं भाडं भरून, अर्धा रस्ता पायी चालून आलेल्या बाईला. असं तीनदा झालं.

चौथ्यांदा आमच्यातल्या मुलीनं तिला बसवून घेतलं. तिच्याशी पावरीत बोलली, पिशवीतले सगळे कागद टेबलावर पसरले. त्या दिवशी तिच्या नावापुढे दोनच रेघा होत्या. महिन्याअखेर तिचा नंबर शेवटचा. आणि मी, शहाणा माणूस, सगळ्यांसमोर म्हणालो, "जरा स्पीड वाढव."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करताना म्हणाली, "भाऊ, एक तारखेपासून मी येणार नाही." मी विचारलं, का? ती म्हणाली, "इथं माणसाचं काम केलं तर नुकसान होतं. आणि पगार तुम्ही सात तारखेला म्हणता, देता वीस तारखेला. दर महिन्याला मागायला लाज वाटते."

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण पोरं आळशी नव्हती. मी त्यांना जे मोजून दाखवलं, तेच त्यांनी केलं. आजीला परत पाठवायला मीच शिकवलं होतं. ५०० रुपये देऊन!

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. १९५९ साली त्याचं या विषयावर पुस्तक आलं. त्याचं म्हणणं साध्या भाषेत असं: पगार, कामाची जागा, मालकाचं वागणं या गोष्टी बिघडल्या तर माणूस वैतागतो. पण त्या नीट केल्या म्हणजे तो आपोआप मन लावून काम करेल असंही नाही. मन लागतं ते कामातच काही असलं तर. आपल्याला काही जमलं, कुणी ते ओळखलं, आपल्यावर जबाबदारी दिली, तर. मी पाया घातलाच नव्हता आणि वर पताका लावत होतो.

आता आपल्या सातपुड्याकडे या. इथं एक जुनी रीत आहे, लाह. कुणाला घर बांधायचंय, कुणाचं शेतातलं काम अडलंय, तर गाव जमतं. मजुरी नाही. ज्याचं काम तो जेवण घालतो, आणि उद्या दुसऱ्याच्या कामाला तो जातो. तिथं मुकादम नसतो, रेघा मारायला कुणी नसतं. तरी माणसं घाम गाळतात, कारण घर कुणाचं उभं राहतंय ते डोळ्यासमोर असतं.

आपल्याच तालुक्यातलं बिलगाव घ्या. तिथं उदई नदीच्या धबधब्यावर २००३ साली १५ किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प सुरू झाला. केरळमधून आलेले तरुण अभियंते होते, नर्मदा आंदोलनातले कार्यकर्ते होते, पण राबले गावकरी. श्रमदानातून. जिथं सरकारी वीज पोचली नव्हती तिथं स्वतःच्या हातानं दिवा लावला. २००६ मध्ये पाणी आलं आणि तो प्रकल्प गेला. मी हे गोड करून सांगणार नाही, ते नुकसानच होतं. पण गाव एवढं राबलं कशासाठी, हे विचारावंसं वाटतं. उत्तर एकच दिसतं, काम त्यांचं स्वतःचं होतं.

आणि रेलू वसावे. नाव ऐकलं असेल. नर्मदाकाठच्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं पलीकडच्या पाड्यांतले लोक अंगणवाडीत येईनात. तर ही बाई मच्छीमाराची छोटी होडी मागून घेऊन स्वतः वल्हवत निघाली. लहान बाळं आणि गरोदर बायांपर्यंत आहार पोचवायला, त्यांची तपासणी करायला. महिनोन्‌महिने. वरिष्ठांनी सुविचार पाठवला म्हणून गेली नाही. पलीकडे कोण वाट बघतंय हे तिला माहीत होतं, म्हणून गेली.

पण थांबा. इथं मालक लोक एक चलाखी करतात. अशी गोष्ट सांगायची आणि म्हणायचं, "बघा, पैशाशिवायही माणसं काम करतात!" नाही हो. अंगणवाडी सेविकांना पगार नव्हे, मानधन मिळतं, आणि ते वाढावं म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या होत्या. सेवाभाव आणि पोट, दोन्ही खरं असतं. दुसऱ्याच्या सेवाभावावर आपला गल्ला भरायचा नाही.

अजून एक प्रयोग सांगतो, मला फार आवडतो. ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा, २००७ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोन करून देणग्या गोळा करणारे लोक. कंटाळवाणं काम, दिवसभर नकार ऐकायचे. त्यांच्यातल्या काहींना फक्त काही मिनिटं एका विद्यार्थ्याशी भेटवलं, ज्याचं शिक्षण त्याच देणग्यांवर चाललं होतं. महिन्यानंतर बघितलं तर हे लोक फोनवर पूर्वीपेक्षा दुपटीहून जास्त वेळ देत होते. पगार तोच, खुर्ची तीच.

तर मी काय केलं? चार गोष्टी.

एक, पगाराची तारीख सात म्हणजे सात. गल्ल्यात नसेल तर मी उसने आणीन, त्यांनी मागायचं नाही.

दोन, तक्ता फाडला. ग्रुपवरचे सुविचार बंद. पोरांनी टाळ्या वाजवल्या, खोटं नाही सांगत!

तीन, एक वही ठेवली. रोज संध्याकाळी चहाबरोबर दहा मिनिटं. आज कुणाचं काय काम मार्गी लागलं, एवढंच लिहायचं. किती नाही, कुणाचं.

चार, किचकट काम ज्यानं हातात घेतलं ते शेवटपर्यंत त्याचंच. निर्णयही त्याचा. मी मध्ये नाक खुपसायचं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं.

मुलीला म्हणालो, "माझं चुकलं. एक महिना बघ, मग ठरव." ती थांबली.

सगळं छान झालं का? नाही. एक पोरगा दिवाळीनंतर गुजरातला गेला, तिथं पैसे जास्त मिळतात. मी त्याला दोष देत नाही. दुसरा अजूनही उशिरा येतो. पण "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य आता सर्व्हर खरंच डाऊन असेल तेव्हाच ऐकू येतं.

आणि स्वतःचं काय? मलाही कंटाळा येतो. दुकान विकून सुरतला जावं, असं कितीदा वाटलंय. तेव्हा मी ती वही उघडतो. अमक्याच्या पोरीचा नर्सिंगचा फॉर्म वेळेत गेला. तमक्याचा जातीचा दाखला आला. दोन पानं वाचली की उठावंसं वाटतं. तुम्ही नोकरी करत असाल, मालक तुमचा ऐकत नसेल, तरी ही वही तुम्ही ठेवू शकता. मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवा, पैसे पडत नाहीत.

आजीचं पेन्शन सुरू झालं. पाऊस संपल्यावर ती पिशवीभर सीताफळं घेऊन आली. मी काउंटरवरून उठून म्हणालो, "या आजी, बसा." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "ती पोरगी कुठंय?"

मंडळी, मालक म्हणून त्याहून मोठी शाबासकी मला अजून मिळालेली नाही.

तर आज रात्री एवढंच करा. आज तुमच्या हातून कुणाचं काम झालं, एक ओळ लिहा. आणि हाताखाली माणसं असतील तर पगाराची तारीख आठवा! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.