चेंडू होणारा प्राणी

(इंग्लंडमधील बेसिंगस्टोक या गावी राहणाऱ्या मराठी मुलांसमोर एका प्राणिमित्राने केलेले भाषण.)



तुमच्या बेसिंगस्टोकच्या बागांमध्ये रात्री हेजहॉग येतो. कोणी जवळ गेले की तो अंग आखडून काटेरी चेंडू होतो. आज मी अशाच चेंडू होणाऱ्या दुसऱ्या एका प्राण्याची माहिती सांगणार आहे. याच्या अंगावर काटे नाहीत, खवले आहेत. आपण मराठीत त्याला खवले मांजर म्हणतो. तो मांजर नव्हे. पण मांजर-कुत्र्यांशी त्याचे लांबचे नाते आहे, हे मात्र खरे!

खवले मांजरांच्या चार जाती आशियात आणि चार आफ्रिकेत आढळतात. त्यांपैकी जमिनीवर राहणारे टेमिंकचे खवले मांजर आज आपण पाहू. टेमिंक हे एका डच प्राणिशास्त्रज्ञाचे नाव. केनिया, टांझानिया, झिंबाब्वे, बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका अशा अनेक देशांतील गवताळ आणि झुडपी रानांत हा प्राणी राहतो. बहुधा दुसऱ्या प्राण्याने खणून सोडलेल्या बिळात तो झोपतो. आयते घर!

त्याचे जेवण म्हणजे मुंग्या आणि वाळवी. डोळे अधू, पण नाक मोठे तल्लख. वासावरून तो वारूळ शोधतो, पुढच्या पायांच्या नख्यांनी ते उकरतो आणि लांब, चिकट जीभ आत घालतो. ही जीभ केवढी? तिचे मूळ तोंडात नसते, पार शेवटच्या बरगड्यांजवळ असते! मुंग्या चावू नयेत म्हणून तो नाकपुड्या आणि कान मिटून घेतो. त्याला दात नाहीत. मग अन्न चावते कोण? पोटातच ते दळले जाते. अन्नाबरोबर गिळलेले बारीक खडे त्या कामी येतात.

त्याची चाल पाहून तुम्हांला हसू येईल. तो मागच्या दोन पायांवर चालतो, पुढचे पाय छातीशी धरतो आणि शेपटीने तोल सांभाळतो. जणू हात जोडून निघालेले आजोबाच! मादीला एका वेळी एकच पिल्लू होते. ते आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून फिरते. संकट आले की आई त्याला पोटाशी घेऊन चेंडू होते.

त्या चेंडूपुढे सिंहही हात टेकतो. तो चाटतो, चावतो, लोळवतो आणि कंटाळून निघून जातो. पण माणूस? त्याला काहीच करावे लागत नाही. तो चेंडू उचलतो आणि पोत्यात घालतो. मांसासाठी आणि खवल्यांसाठी अशी हजारो खवले मांजरे मारली गेली. खवल्यांचे औषध होते, असे काही लोक मानतात. मुलांनो, आपली नखे ज्या पदार्थाची असतात, त्याच पदार्थाचे ते खवले असतात.

दक्षिण आफ्रिकेत आणखी एक संकट आहे. शेताभोवती विजेच्या तारांचे कुंपण असते. खालच्या तारेचा धक्का बसला की हा बिचारा घाबरून चेंडू होतो, तोही त्या तारेभोवतीच! धक्के बसत राहतात, तो सुटत नाही आणि मरतो. सर्वांत खालची तार उंचावर बांधावी, असे अभ्यासक म्हणूनच सांगतात.

2016 साली जोहान्सबर्गला अनेक देशांचे प्रतिनिधी जमले. त्यांनी आठही जातींच्या देशोदेशींच्या व्यापारावर बंदी घातली. तरी चोरटा व्यापार चालूच आहे.

आपल्या कोकणातही खवले मांजर आहे. चिपळूण तालुक्यातील डुगवे गावाने 2020 साली खवलोत्सव केला. गावकऱ्यांनी खवले मांजराच्या प्रतिकृतीची पूजा केली, पालखी नाचवली. सुट्टीत कोकणात गेलात, तर आजी-आजोबांना विचारा, त्यांनी हा प्राणी पाहिला आहे का.

मागच्या रांगेतला तो हात केव्हाचा वर आहे. हं, विचार, बाळ.